रुळाला लागलेला नाद

घंगाळ बोलणार म्हणून सकाळी आठपासून गल्ली तुंबली होती. ज्यांना आत जागा मिळाली ते भिंतीला पाठ लावून बसले होते. ज्यांना नाही मिळाली ते खिडकीच्या गजांना धरून उभे होते. आणि ज्यांना खिडकीही मिळाली नाही ते आत काय चाललंय हे एकमेकांना सांगत होते. सगळ्यात जास्त त्यांनाच दिसत होतं, हे वेगळं सांगायला नको.

घर एका निवृत्त इंजिन ड्रायव्हरचं. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. एकामागे एक अशा तीन खोल्या. मधल्या खोलीत एक लाकडी तिवई, तिवईवर पितळी घंगाळ, घंगाळाला दोन बाजूंना दोन कड्या, आणि आत चार बोटं पाणी. पाणी किती हवं त्याची रेघ आतून खिळ्याने ओढलेली होती. तिला सिद्धीची रेघ म्हणायचं, असं ठरलं होतं. तिवईमागे भिंतीला टेकून नादबाबा बसले होते. उजवा पाय उघडा, डाव्या पायात मोजा. उजव्या पायाने ते धरणीचं ऐकतात आणि डाव्याने संसाराची धूळ टाळतात, असं ते सांगत.

तिवईच्या पुढ्यात मागच्या खोलीचं गजांचं दार होतं. कधीकाळी चोरांच्या भीतीने बसवलेलं. त्याला कुलूप होतं, कुलपाची किल्ली अप्पांच्या गळ्यात होती, आणि गजांपलीकडे अप्पांची धाकटी मुलगी एकोणीस दिवस कोंडलेली होती. खोलीला लागून न्हाणीघर होतं, म्हणून दार उघडायची वेळच येत नव्हती. जेवणाचं ताट खालच्या फटीतून सरकवलं जायचं.

"नाद आधी, जग नंतर," बाबांनी सुरुवात केली. "खाली आहे तो वर बघतोय. वर आहे तो खाली बघतोय. आणि मधे कोण आहे? मधे मी आहे."

लोकांनी माना डोलावल्या. यात खोटं काही नव्हतं. मधे तोच होता.

बराच वेळ असंच चाललं. बाबा कधी डोळे मिटत, कधी कुणाच्या सासूची चौकशी करत. मग एकाएकी त्यांची पाठ ताठ झाली. "अप्पा, विचारा आता."

अप्पांनी हात जोडले. तीस वर्षं इंजिन आवरलेले ते हात. "ती... अजून आहे का खाली?"

दहा-बारा सेकंद काही नाही. मग पाण्यावर बारीक वलयं उभी राहिली, कड्या किडकिड किडकिड वाजू लागल्या, तिवईचे पाय फरशीवर दात वाजवावेत तसे वाजले. अर्ध्या मिनिटाने सगळं शांत. खिडकीतल्या कुणीतरी हुंदका दिला.

दाराशी उभी असलेली मोठी मुलगी मात्र घंगाळाकडे बघत नव्हती. ती बहिणीकडे बघत होती. धाकटी खाटेवर पाय वर घेऊन बसली होती, फरशीला पाय लागू नयेत म्हणून. एकोणीस दिवसांपूर्वी हीच पोरगी म्हणाली होती, "बरं अप्पा, तुमच्या समाधानासाठी सात दिवस बसते." आता तिच्या तोंडावर हसू नव्हतं आणि रागही नव्हता.

या मोठीला गल्लीत आकडेताई म्हणायचे. ती रेल्वेच्या मोजमाप कचेरीत होती. रूळ किती झिजतात, गाडी गेली की किती थरथरतात, याचं गणित संगणकावर मांडायचं हे तिचं काम. खाली मोजणीचा गाडा रुळावरून फिरायचा, मीटरमीटरवर माथ्याची उंची टिपायचा, आणि ते आकडे ताईच्या टेबलावर यायचे. त्यावरून तिने संगणकात एक अख्खा बोगदा उभा केला होता. खऱ्या बोगद्याचं हुबेहूब सोंग. खऱ्या बोगद्यात ती चार वर्षांत दोनदा गेली होती. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात, त्यातला प्रकार.

आणि तो बोगदा गेला होता नेमका या गल्लीखालून. पाच पुरुष खोल. वीस वर्षं गाड्या जात होत्या आणि वर कधी कपातला चहाही हलला नव्हता. तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा मागच्या खोलीतली खाट थरथरली. पुढे ते वाढतच गेलं. नेमकं त्याच सुमारास धाकटीच्या हातात नेमणुकीचं पत्र पडलं: लांबच्या एका शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी, अमुक सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्याला बोलावणार. बोलाफुलाला गाठ पडली. पण अप्पांना ती गाठ दुसऱ्याच कशाशी जोडलेली दिसली.

सव्वीस वर्षांपूर्वी त्यांच्या इंजिनासमोर एक मुलगी आली होती. चूक कुणाची नव्हती, चौकशीत तसं लिहूनही आलं. अप्पा घरात त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणून ते गेलं असं मात्र झालं नाही. आणि एक दिवस हे नादबाबा दारात उभे राहिले, न विचारता म्हणाले, "तुमच्या चाकाखाली एक पोर गेली होती. ती ठोठावते आहे. तिला सोबत हवी आहे, आणि तुमच्या धाकटीचं वय आता तेवढंच झालंय." अप्पा तिथेच खाली बसले. दोन दिवस बाबांनी मधल्या खोलीत एकट्यानेच साधना केली, घरातलं घंगाळ मागून घेतलं, रेघ ओढली आणि हुकूम सोडला. घंगाळ लागोपाठ सात दिवस गप्प राहिलं की पोरगी सुटली. तोवर तिने उंबरा ओलांडायचा नाही. बाबांनी स्वतः पुढच्या खोलीत मुक्काम ठोकला, दोन वेळचं गरम जेवण घेत.

ताईने त्याच दिवशी कचेरीत जाऊन आपला बोगदा उघडून बघितला होता. वळणावरचा रूळ आरशासारखा सपाट. झीज मर्यादेत, थरथर मर्यादेत. तिने घरी येऊन प्रामाणिकपणे सांगितलं, की रुळात काही दोष नाही, कारण दुसरंच कुठलंतरी असणार. झालं. बाबांच्या हातात कोलीतच मिळालं. त्या दिवसापासून प्रत्येक बैठकीत ते तिच्याकडे बोट दाखवत. "रूळवाली लेक स्वतः सांगते, रुळात दोष नाही. मग हे काय आहे? सांगा, काय आहे?"

त्या सकाळीही लोक पांगल्यावर ती गजांशी जाऊन बसली. सोमवार चार दिवसांवर आला होता.

"किल्ली मी काढून घेऊ शकते," ती हळूच म्हणाली. "अप्पा झोपले की."

"मग?" धाकटी म्हणाली. "मी बाहेर पडेन, आणि तिकडे जाऊन रोज रात्री जमिनीवर पाय टेकून बघेन. ताई, मी पण विचारते त्याला. कुणी नसताना. काल विचारलं, मी सुटणार का. वाजलं नाही."

ताईने गजांतून तिचा हात धरला.

"तूच म्हणालीस ना, रूळ ठीक आहे म्हणून?"

हे मात्र काळजात गेलं. कुलूप दाराला होतं, पण ते तोडून काही उपयोग नव्हता. आणि मनातलं कुलूप ज्या आकड्यांनी तुटायचं, ते आकडे तिच्याच सहीने उलटं बोलत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

कचेरीत गेल्यावर तिने पुन्हा सगळं तपासलं. दुपारपर्यंत तपासलं. उत्तर तेच. शेवटी ती उठली, डोक्यावर शिरस्त्राण चढवलं आणि बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या मुकादमाच्या खोपटात गेली. मुकादम पन्नाशीचा, चालताना रुळाकडे बघून बघून मान कायमची खाली झालेला.

"वळणावरचा रूळ बघायचा आहे," ती म्हणाली.

"आता?" मुकादमाने हातोडा खाली ठेवला. "तीन महिने लिहून देतोय मी. आता आठवण झाली होय?"

"काय लिहून दिलंत?"

त्याने नोंदवही तिच्यापुढे टाकली. दर आठवड्याला एक ओळ, त्याच अक्षरात: वळणावर रुळाला नाद लागला आहे. ताईने ती ओळ आधी वाचली होती. प्रत्येक वेळी वाचली होती. मुकादमाची गंमत समजून सोडून दिली होती. तिच्या संगणकात रकाने चार: झीज, तडा, रूळ आवळणारी चावी सैल, इतर. 'नाद' कुठल्याच रकान्यात बसत नव्हता, आणि 'इतर' भरायचा तिला नेहमी कंटाळा.

दोघं आत गेले. गाडी नाही याची खात्री करून मुकादम वळणावर उकिडवा बसला. "चष्म्याने दिसणार नाही. हात फिरवा. लांबवर फिरवा."

तिने रुळाच्या माथ्यावर तळवा ठेवला आणि सरकवला. लोखंड गार होतं आणि गुळगुळीत होतं. पण सपाट नव्हतं. तळवा चढत होता, उतरत होता. चढत होता, उतरत होता. वीतभर अंतराने एकेक उथळ खळगा, कपडे घासायच्या फळीसारखा.

"हा नाद," मुकादम म्हणाला. "पूर्वी नव्हता. पूर्वी प्रत्येक ड्रायव्हरचा हात वेगळा. कुणी पन्नासने जायचा, कुणी साठने. एकाने पाडलेली खोड दुसरा मोडायचा. आता यंत्र गाडी चालवतं, सगळ्या लांबच्या गाड्या ताशी बरोबर चोपन्नने. सगळ्यांचा घाव त्याच जागी. रूळ झिजतो म्हणून गाडी थरथरते, गाडी थरथरते म्हणून रूळ आणखी झिजतो. माणसासारखंच आहे की. एकदा नादी लागलं की आपणहून सुटत नाही."

ताईने टेप लावली. एका मीटरमध्ये चार खळगे. मोजणीचा गाडा मीटरमीटरवर टिपत होता. एक नोंद उंचवट्यावर पडली, की बरोबर चार खळगे सोडून पुढचीही उंचवट्यावर, त्याच्या पुढचीही उंचवट्यावर. मधले खळगे त्याने बघितलेच नव्हते. म्हणून तिचा रूळ आरशासारखा होता. खळग्यांचं अंतर अगदी काटेकोर नसल्यामुळे दीड-दोनशे मीटरमध्ये आकडे किंचित चढून उतरायचे. त्यातूनही दिसलं असतं. पण तो चढउतार तिने 'गाड्याचा झोल' म्हणून स्वतःच्या हाताने पुसला होता. सव्वीस वर्षांपूर्वीच्या मुलीला खाली कुणी आणून बसवलं? अर्धं काम बाबाने केलं होतं, अर्धं ताईने.

परत येताना तिने बाबाची गोष्ट सांगितली. नाद, घंगाळ, एक पाय उघडा. मुकादम थबकला. "डाव्या भुवईत खोक आहे का त्याला? आणि बोलताना 'धरणी, धरणी' करतो? अहो, तो ड्रायव्हरांच्या विश्रांतीगृहात चहा वाटायचा. सगळ्यांच्या गोष्टी ऐकत बसायचा. तुमच्या वडिलांची गोष्ट तिथे कोणाला माहीत नाही?"

कचेरीतल्या साहेबाने आधी हात झटकले. एका घंगाळासाठी गाड्या हळू करायच्या का, असं त्याने विचारलं. घंगाळासाठी नाही, रुळासाठी, असं ताई म्हणाली, आणि मागचे तीन महिने आपण चुकीचा अहवाल देत होतो हे तिने स्वतःच्या सहीने लिहून पुढ्यात ठेवलं. असा कागद कचेरीत कुणी पाहिला नव्हता. साहेबाने तो दोनदा वाचला. रूळ घासून सपाट करणारं यंत्र यायला महिना लागणार होता. तोवर शनिवारी दुपारी बारापासून वळणावर ताशी छत्तीसची मर्यादा, असा हुकूम निघाला.

आता तुम्ही म्हणाल, संपलं की काम. गाडी हळू झाली, घंगाळ गप्प झालं, पोरगी सुटली. पण घंगाळ नुसतं गप्प झालं असतं, तर बाबा काय म्हणाला असता? "मी गप्प केलं." आणि वर सात दिवस मोजायला लावले असते. सोमवार गेला असता तो गेलाच असता.

ताईने गणित मांडलं. ताशी चोपन्न म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. मीटरला चार खळगे, म्हणजे सेकंदाला साठ धक्के. झोपाळ्याला जसा त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो उंच जातो, तशी ती तिवई चार बोटं पाण्याच्या वजनाला साठच्या लयीत डोलते. बाबाने दोन दिवसांची साधना केली ती हीच. पाणी कमीजास्त करत बसला होता. आता छत्तीसने धक्के चाळीस होणार. चाळीसच्या लयीला तिवईवर वजन जास्त हवं, सव्वादोनपट. कागदावर सगळं बरोबर आलं. पण कागदावर तर आधीही बरोबरच आलं होतं, आणि ताईचा कागदावरचा विश्वास उडाला होता.

म्हणून शनिवारी दुपारी, बाबा पुढच्या खोलीत घोरत असताना आणि अप्पा औषध घेऊन पडलेले असताना, ती तिवईमागे बाबाच्या जागी बसली. हात भिंतीतून उतरणाऱ्या लोखंडी नळावर ठेवला. सांडपाण्याचा तो जुना नळ थेट बोगद्याच्या गटारापर्यंत जात होता, आणि बाबाची बैठक नेमकी त्याच्या पुढ्यात होती. उघडी टाच नळाला टेकेल अशी.

"तुझ्या माठातलं पाणी ओत," तिने बहिणीला सांगितलं.

"यात? अगं, पण रेघ..."

"रेघेच्या वर ओत."

धाकटीने गजांना लागून असलेल्या खाटेवरूनच हात बाहेर काढला. रेघेपाशी तो क्षणभर थांबला. तांब्यामागून तांब्या ती ओतू लागली. नळ कुरकुरला, गाडी आली, पाणी जेमतेम शहारलं. पुढच्या गाडीला आणखी दोन तांबे. शहारलं, कड्या हलल्या, वाजल्या नाहीत. तिसऱ्या गाडीला घंगाळ काठोकाठ भरलं होतं, आणि कड्या अशा वाजल्या की पुढच्या खोलीतलं घोरणं एक क्षण थांबलं.

दोघी श्वास रोखून बसल्या. घोरणं पुन्हा सुरू झालं.

"मी काहीच विचारलं नव्हतं," धाकटी पुटपुटली. मग खूप दिवसांनी तिने खाटेवरून दोन्ही पाय खाली फरशीवर ठेवले आणि तसेच राहू दिले.

पाणी काढून दोघींनी ते पुन्हा रेघेवर आणून ठेवलं. ताईने एका कागदावर तीन ओळी लिहिल्या, पाकीट चिकटवलं आणि शेजारच्या शिंपीणकाकूंकडे दिलं. काकू बाबांच्या पहिल्या भक्त, म्हणून मुद्दाम त्यांच्याकडेच.

चार वाजता गल्ली पुन्हा तुंबली. मुकादमही येऊन मागे उभा राहिला, डोक्यावरची टोपी भुवयांपर्यंत ओढून. बाबांनी खाली-वर-मधे केलं, सासवांची चौकशी केली, आणि एकाएकी पाठ ताठ केली. "विचारा अप्पा!"

"ती अजून आहे का?"

दहा सेकंद. वीस सेकंद. पाण्यात खिडकीचं प्रतिबिंब पडलं होतं, त्यातला एक गजही हलला नाही. बाबांनी टाच सरकवली, पुन्हा टेकवली. कपाळावर घाम आला. नळ तर हललाच होता, मग घंगाळाला काय झालं? पण बुवा कसलेला होता. क्षणभरच गडबडला.

"गप्प झाली!" त्याने दोन्ही हात वर केले. "एकवीस दिवसांची साधना फळाला आली. आता फक्त सात दिवस, अप्पा. सात दिवस पोरीला जपा."

लोक पुढे सरसावले. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"काकू, पाकीट फोडा," ताई म्हणाली.

शिंपीणकाकूंनी दातांनी पाकीट फाडलं आणि अडखळत वाचलं. "एक. चारच्या बैठकीत घंगाळ वाजणार नाही, कुणी काहीही विचारलं तरी. दोन. बाबा म्हणतील, मीच गप्प केलं. तीन. त्यानंतर धाकटी घंगाळ काठोकाठ भरील, आणि पुढच्या गाडीला ते वाजेल, कुणी काहीही विचारलं नाही तरी." काकूंनी कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का म्हणून. "हे तर तीन वाजता दिलंस तू मला."

"रेघ मोडू नका!" बाबा ओरडला. "अनर्थ होईल!"

पण धाकटीचा हात गजांतून बाहेर आला होता. या वेळी तो रेघेपाशी थांबला नाही. तिने माठ रिकामा केला. मग ताईने सगळ्यांना विनंती केली, की कृपा करून कुणी काही विचारू नका, मनातसुद्धा नको. आणि बाबांना तिने उजव्या पायात मोजा घालून नळापासून दोन हात लांब बसायला सांगितलं. बाबा हलेना. तेव्हा मुकादमाने टोपी वर केली. "बस की लांब. चहा वाटताना तर इकडून तिकडे चांगला पळायचास."

खोलीत असा शुकशुकाट त्या एकवीस दिवसांत कधी झाला नव्हता. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पुढची गाडी उशिरा धावत होती. खरं तर गाड्या वेळेवर धावल्या असत्या, तर लोकांनी घड्याळ बघून बाबाचं दुकान पहिल्याच आठवड्यात बंद केलं असतं. पण त्यालाही रेल्वेची साथ होती. ताईने नळावर अप्पांचा हात आणून ठेवला आणि स्वतः बाजूला झाली.

अप्पा दचकले. मग त्यांनी मान कलती केली, तीस वर्षं इंजिनात करायचे तशी. "गाडी आहे," ते म्हणाले. "जड आहे. हळू येतेय. चाळिशीच्या आत."

आणि कड्या वाजल्या. काठावरून पाणी उडून फरशीवर सांडलं. कुणी हात जोडले नाहीत. शिंपीणकाकू नळाकडे गेल्या, हात लावून बघितला, मग बाबाच्या टाचेकडे बघितलं. तिथे नळाच्या गंजाचा तांबडा डाग होता, एकवीस दिवसांचा. "आणि मी याच्या पायाला डोकं लावलं," त्या शांतपणे म्हणाल्या. बाबा मोजा हातात घेऊनच बाहेर पडला. त्याला कुणी मारलं नाही, अडवलं नाही. फक्त वाट देताना लोक अंग चोरून उभे राहिले, स्वतःचीच लाज वाटल्यासारखे. मुकादम त्याच्या मागोमाग चौकीपर्यंत गेला.

ताईने मग सगळ्यांसमोर सांगितलं. खळगे, धक्के, पाण्याचं वजन. आणि तिचा स्वतःचा चुकलेला रूळही. ते सांगताना तिने काही गाळलं नाही. "मी दर मीटरला बघत होते," ती म्हणाली. "मधे बघितलंच नाही. मला दिसलं नाही म्हणून तिथे काही नाही, असं मी म्हटलं. आणि मी नाही म्हटल्यावर ती जागा बाबाला आयती मिळाली. जे कळलं नाही त्याला भूत म्हणू नका, आणि ते नाहीच असंही म्हणू नका. मधे हात फिरवून बघा. माझंही ऐकू नका, नळ तिथे आहे, हात लावा."

लोक खरंच रांगेने नळाला हात लावून गेले. अप्पा मात्र बसूनच होते.

"म्हणजे खाली कुणी नाही," ते म्हणाले.

"नाही, अप्पा."

"मी रोज तिची माफी मागत होतो. सकाळ-संध्याकाळ." त्यांनी गळ्यातली किल्ली चाचपली. "बरं वाटायचं गं. ऐकणारं कुणीतरी आहे असं वाटायचं."

गजांपलीकडून धाकटी म्हणाली, "आम्हाला सांगा की अप्पा. आम्हाला कुठे ऐकायला येत नाही?"

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग उठले. किल्ली कुलपाला लागेना. ताई मदतीला पुढे झाली, तर त्यांनी तिला नजरेनेच थांबवलं. मीच घातलं, मीच काढतो, असं त्या नजरेत होतं. दार उघडलं तरी धाकटी उंबऱ्याशी जरा घुटमळली. एकवीस दिवस कमी नसतात. अप्पांनी हात पुढे केला, आणि तो धरून ती फरशीवरच्या सांडलेल्या पाण्यात अनवाणी उतरली.

रविवारी संध्याकाळी साडेसहाची तिची गाडी होती. सोमवारी सकाळी सातला पोचवणारी. मोठ्या स्थानकावर तिला बसवायला ताई गेली. अप्पांना गर्दीत चालवेना, म्हणून ते घरीच राहिले. लांबची गाडी ती, गल्लीखालून न थांबता जाणारी.

घंगाळ तिवईवर तसंच होतं, काठोकाठ भरलेलं. अप्पा तिवईमागे भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी नळावर तळवा ठेवला. शिंपीणकाकू कामाच्या निमित्ताने डोकावल्या, आणि सवयीने दाराशी थांबल्या. थोड्या वेळाने नळ कुरकुरला. पाण्यावर वलयं उठली, कड्या किडकिडल्या, आणि अर्ध्या मिनिटाने सगळं थांबलं.

"काय म्हणालं हो घंगाळ?" काकूंनी न राहवून विचारलं.

अप्पांनी दुसऱ्या हाताने डोळे पुसले.

"साडेसहाची गेली म्हणालं."